आगरकरांच्या मागे कोण धावले होते?

हिवाळा सुरू झाला की नांदुऱ्यातल्या शाळांना सहलींचे वेध लागतात. सिंदखेडराजा, लोणार, अजिंठा ही ठरलेली ठिकाणे. पहाटेच्या काळोखात एस.टी.च्या गाड्या शाळेपाशी येऊन उभ्या राहतात आणि कानटोप्या घातलेल्या मुलांभोवती त्यांच्या दुप्पट पालकांची गर्दी होते. अशाच एका सहलीची हकिगत एका स्नेही शिक्षकांनी मध्यंतरी सांगितली. सहल लोणारला निघाली होती. महामार्गावरच्या एकशे पाच फुटी हनुमंताला मुलांनी खिडकीतूनच हात जोडले आणि गाडी खामगावच्या दिशेने धावू लागली. खामगाव जवळ येते न येते तोच मागून एक मोटारसायकल सारखा हॉर्न वाजवत आली. सहावीतल्या एका मुलाचे वडील होते. मुलगा टोपी आणि खाऊचा डबा घरी विसरला होता. आपापले सामान आपणच भरायचे आणि जे विसराल त्यावाचून दिवस काढायचा, असे शिक्षकांनी आदल्या दिवशी वर्गात बजावले होते. वडिलांनी गाडी थांबवली, आत चढून टोपी मुलाच्या डोक्यावर घातली, डबा मांडीवर ठेवला आणि समाधानाने परत फिरले. मुलगा मात्र पुढचा तासभर मान वर करायला तयार नव्हता.

शिक्षकांना त्या गृहस्थांचा राग आला होता आणि सांगताना तो पुन्हा उफाळून आला. पण बोलता बोलता ते थबकले. कारण त्याच गाडीत सातवीतली एक मुलगी होती. तिचा दम्याचा पंप घरी राहिल्याचे चिखलीच्या अलीकडे ध्यानात आले. तेव्हा मात्र शिक्षकांनी स्वतःच तिच्या घरी फोन लावला आणि चिखलीत डॉक्टर गाठून दुसरा पंप हाती येईपर्यंत गाडी पुढे हलू दिली नाही. विसरणे दोघांचेही सारखेच होते. नियमही एकच होता. तरी मुलीला तो लावण्याचा विचारसुद्धा त्यांच्या मनाला शिवला नाही.

मुलांना त्यांच्या चुकीचे फळ भोगू द्यावे की आईबापांनी मध्ये पडावे, हा वाद आजचा नव्हे. रुसोने १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘एमिल’ या ग्रंथात तो उपस्थित केला आणि पुढे शंभर वर्षांनी हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्ववेत्त्याने त्याची पद्धतशीर मांडणी केली. शिक्षणावरील त्याचे पुस्तक १८६१ साली निघाले. त्यातली उदाहरणे अगदी घरगुती आहेत. फिरायला निघताना रोज उशीर करणारी मुलगी असेल तर तिच्यासाठी थांबू नये, तिला घरी ठेवून निघून जावे. मुलाने चाकू हरवला तर लगेच दुसरा आणून देऊ नये. खेळणी पसरणाऱ्यानेच ती आवरावीत. दटावणे, मारणे, उपदेश करणे यांपेक्षा निसर्गाने दिलेला हा धडा न्याय्य असतो, कारण त्यात कोणाचा राग नसतो, असे त्याचे म्हणणे. मात्र तीन वर्षांचे पोर उघडा वस्तरा घेऊन खेळत असेल तर तेथे निसर्गाची वाट पाहायची नाही, हेही त्याने तितक्याच स्पष्टपणे सांगून ठेवले आहे. स्पेन्सर स्वतः आजन्म अविवाहित राहिला, ही गोष्ट या संदर्भात पुष्कळदा थट्टेने सांगितली जाते. थट्टा रास्त असली तरी वस्तऱ्याचा अपवाद त्याला सुचला होता, हे विसरता कामा नये.

महाराष्ट्रात मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांवर ज्याने आपले आयुष्य बेतले, असा पुरुष म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. त्यांचे नाव निघाले की पुणे, ‘केसरी’, ‘सुधारक’, टिळकांशी झालेला वाद एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु आगरकर घडले ते नांदुऱ्याहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर असलेल्या अकोल्यात. वऱ्हाडला त्यांचा विसर पडावा हे बरे नाही. मुलाला कुठवर एकटे सोडावे आणि कुठे हात द्यावा, या प्रश्नाकडे पाहण्यासाठी तर त्यांच्या बालपणासारखे दुसरे उदाहरण शोधून सापडणार नाही. त्यांच्यामागे मोटारसायकल घेऊन धावणारे कोणी नव्हते. मग कोणीच धावले नाही काय?

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या, कृष्णाकाठच्या टेंभू या गावी झाला. टिळक त्यांच्याहून नऊ दिवसांनी लहान. घरची परिस्थिती इतकी हलाखीची की मुलाच्या शिक्षणाचा विचार करणे ही चैनच ठरावी. आजोळ कराडला असल्याने प्राथमिक आणि थोडेसे इंग्रजी शिक्षण तेथे झाले. त्यापुढे शाळा नव्हती आणि असती तरी फीला पैसा नव्हता. त्या काळी अशा मुलापुढे एकच सरळ वाट असे. सरकारी कचेरीत उमेदवारी करायची, हस्ताक्षर घोटायचे आणि साहेबाची मर्जी बसली तर पाचसात रुपयांची कारकुनी पदरात पाडून घ्यायची. गोपाळही त्या वाटेला लागला. परंतु कचेरीत त्याचे मन रमेना.

मग हा मुलगा शिकण्यासाठी रत्नागिरीला निघाला. तोही पायी. कराडहून सह्याद्री ओलांडून कोकणात उतरायचे, तेही अंगावरच्या कपड्यानिशी, हे आज एखाद्या शाळेने साहस-शिबिर म्हणून योजले तर पालक न्यायालयात जातील. रत्नागिरीला इंग्रजी शाळा होती, ओळखीपाळखीची माणसे होती, वार लावून जेवण्याची सोय होईल अशी आशा होती. पण आशेप्रमाणे घडले नाही. राहण्या-जेवण्याचा मेळ बसेना आणि आला तसा तो पायी घाट चढून कराडला परतला. परत आल्यावर सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून त्याने काम धरले. औषधांच्या बाटल्या भरता भरता डोक्यात मात्र एकच विचार, शिकायचे कुठे आणि कसे.

येथे थोडे थांबले पाहिजे. आगरकरांच्या बालपणाची ही कहाणी आपल्याकडे मुलांना सांगितली जाते ती एका ठरलेल्या सुरात. बघा, त्यांना काही मिळाले नाही, तरी ते मोठे झाले. तुम्हाला सगळे मिळते आणि तुम्ही काही करत नाही. हा सूर प्रस्तुत लेखकाने लहानपणी पुष्कळ ऐकला आहे आणि बाप झाल्यावर स्वतःही लावला आहे. पण तो खोटा आहे. रत्नागिरीहून रिकाम्या हाती परत यावे लागले यात गोपाळची कोणती चूक होती? तो काही विसरला नव्हता, त्याने आळस केला नव्हता. स्पेन्सर ज्याला निसर्गाने दिलेली शिक्षा म्हणतो, ती कृतीच्या पोटी जन्मते. दारिद्र्य हे मुलाच्या कोणत्याही कृतीचे फळ नसते. उपाशी राहण्यात मुलाला शिकण्यासारखे फारसे काही नसते. शिकलेच तर ते इतकेच की जग आपल्यासाठी थांबत नाही. टेंभूच्या आसपास गोपाळसारखी हुशार मुले आणखीही असतील. ती कारकून झाली, भिक्षुकी करू लागली, पटकीत किंवा तापात दगावली. त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. हाल सोसून मोठा झालेला एक माणूस दाखवून हालांचे समर्थन करता येत नाही.

कराडहून सुटका झाली ती अकोल्यामुळे. अकोल्यात त्यांचे आप्त राहत होते आणि त्यांच्या आधाराने शाळेची सोय होण्यासारखी होती. वऱ्हाड प्रांत निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळवरून मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला करीत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेला. कापसाच्या व्यापाराने ही गावे नुकती कुठे जागी होत होती. सरकारी कचेऱ्या, शाळा, वकील, मास्तर असा नवा सुशिक्षित वर्ग अकोल्यात जमू लागला होता आणि ‘वऱ्हाड समाचार’ हे पत्रही तेथून निघत होते. कराडच्या कंपाउंडरला या गावात पुन्हा विद्यार्थी होता आले.

अकोल्याच्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी हे शिक्षक होते. एम.ए. झालेला माणूस त्या काळी जिल्ह्यात एखादाच असायचा. पुढे वऱ्हाडच्या शिक्षणखात्याच्या प्रमुखपदापर्यंत ते गेले. महाजनी आणि आगरकर यांची एक आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वर्गात काही कारणाने महाजनी या विद्यार्थ्यावर रागावले आणि तुझ्या हातून विद्या होणे कठीण, अशा अर्थाचे टोचून बोलले. मुलाने तिथल्या तिथे उत्तर दिले की तुमच्यासारखा एम.ए. होईन तरच नावाचा आगरकर. आठवणींवर सांगणाऱ्यांचे हात फिरत असतात, ही आठवणही त्याला अपवाद नसेल. परंतु तिच्यानंतरचा भाग कमी सांगितला जातो आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे. टोचून बोलणारे हेच महाजनी पुढे त्या मुलाच्या पाठीशी उभे राहिले. १८७५ साली आगरकर मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जाण्याची वेळ आली, तेव्हा गाठीला पैसा नव्हता. महाजनींनी आणि अकोल्यातील इतर हितचिंतकांनी मदत केली, म्हणून हा विद्यार्थी पुण्याला पोहोचू शकला.

महाजनींनी मध्ये पडायचे ते केव्हा आणि कसे, याची पारख वाखाणण्यासारखी आहे. अभ्यास मुलानेच करायचा, परीक्षा त्यानेच द्यायची, नापास झाल्यास त्यानेच तोंड लपवायचे. तेथे गुरुजींचा हात नाही. पण गाडीभाड्याला आणि कॉलेजच्या फीला पैसे नसणे ही त्या मुलाची परीक्षा नव्हे, तो वस्तरा आहे. तेथे हात पुढे झाला. महाजनींनी याचे काही शास्त्र मांडले होते असे नाही. चांगल्या शिक्षकाला ही सीमारेषा बहुधा शास्त्रावाचूनच दिसते, जशी त्या लोणारच्या सहलीतल्या शिक्षकांना चिखलीच्या अलीकडे दिसली. जाता जाता एक गंमत सांगावीशी वाटते. या गुरूने शेक्सपिअरच्या ‘सिंबेलिन’चे ‘तारा’ या नावाने मराठी नाटक केले, ते १८७९ मध्ये. शिष्याने त्यानंतर चारच वर्षांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले. अकोल्याच्या एका वर्गाकडून मराठी रंगभूमीला ही दुहेरी देणगी आहे.

डेक्कन कॉलेजातले दिवस हालाखीचेच होते. अंगात घालायला एकच सदरा, तो रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी पुन्हा चढवायचा, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. शिष्यवृत्त्या, निबंधांची बक्षिसे, वृत्तपत्रांतले लिखाण यांवर खर्च भागवायचा. दम्याने याच काळात छातीत घर केले असावे, कारण तो विकार पुढे जन्मभर त्यांच्या सोबतीला राहिला. कॉलेजातच त्यांची आणि टिळकांची गाठ पडली. सरकारी नोकरी करायची नाही, लोकशिक्षणाला वाहून घ्यायचे, असा निश्चय दोघांनी त्या टेकडीवर तासन्‌तास वाद घालून पक्का केला.

निश्चय केला तरी त्याची खबर घरी द्यायची होती. एम.ए.च्या सुमारास आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र मराठीत अजरामर झाले आहे. आपला मुलगा मोठमोठ्या परीक्षा देतो आहे, आता त्याला मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि आपले पांग फिटतील, असे मनोरथ आईने करू नयेत. आपण पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सगळा वेळ परहितासाठी खर्च करणार, हे त्यांनी तिला आधीच कळवून टाकले. या पत्राची थोरवी आपण गातो. ती थोर आहेच. परंतु या निर्णयाचे फळ कोणाच्या पदरी पडणार होते? मुलाच्या, हे खरे. पण त्याच्याइतकेच त्या आईच्याही. आयुष्यभर ओढग्रस्तीत संसार केलेल्या त्या बाईला एक आशा होती आणि मुलाने ती पत्राने काढून घेतली. तिने काय उत्तर दिले याचा उल्लेख आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. मुलाच्या निवडीच्या आड न येणे ही गोष्ट आज आपण पालकत्वाचे नवे तत्त्व म्हणून कार्यशाळांतून शिकतो. टेंभूच्या त्या माउलीच्या वाट्याला ते असे टपालाने आले.

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० च्या प्रारंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. एम.ए. होताच आगरकर तेथे दाखल झाले. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’चा पहिला अंक निघाला आणि संपादकपद आगरकरांकडे आले. वय अवघे चोवीस. वर्षभरातच या तरुणांपुढे एक कठीण प्रसंग उभा राहिला. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र अस्वस्थ झाला होता. तेथील कारभारी बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर काही पत्रांच्या आधारे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांत छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची कैद झाली. प्रत्यक्षात मुंबईच्या डोंगरी तुरुंगात एकशे एक दिवस काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले.

हा प्रसंग मात्र स्पेन्सरच्या चौकटीत बरोबर बसतो. हेतू शुद्ध होता, पण पुराव्याची पारख कमी पडली आणि त्याचे फळ ज्यांचे त्यांनाच भोगावे लागले. तुरुंगात असताना आगरकरांनी ‘हॅम्लेट’च्या भाषांतराला हात घातला, ते ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुटून आल्यावर त्यांनी डोंगरीतल्या त्या एकशे एक दिवसांवर पुस्तकही लिहिले. त्यात रडगाणे नाही. अन्न, कोठडी, सोबतचे कैदी, रात्रीच्या गप्पा, सगळे काही कुतूहलाने आणि मधूनच विनोदाने पाहिलेले आहे. विशेष म्हणजे या खटल्यातही कोणीतरी धावून आलेच होते. जोतीराव फुले यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी जामिनासाठी पैसा उभा केला. फुले आणि ‘केसरी’चे चालक यांचे मार्ग वेगळे होते, तरीही. शिक्षा कोणी टाळू शकले नाही आणि टाळण्याचा तो प्रयत्नही नव्हता. खटला लढवताना माणूस बाहेर असावा, एवढ्यापुरता तो हात होता.

पुढची दहा वर्षे घडामोडींनी गच्च भरलेली आहेत. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. टिळकांशी आधी कुजबुजीतले आणि मग उघड मतभेद. १८८७ मध्ये ‘केसरी’चा राजीनामा आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’चा जन्म, इंग्रजी बाजू सांभाळायला तरुण गोपाळ कृष्ण गोखले. या सगळ्याचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, त्याची येथे उजळणी नको. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो बालविवाहाचा प्रश्न.

त्या काळी आठदहा वर्षांच्या मुलींची लग्ने सर्रास होत. लग्न ठरवायचे आईबापांनी, मुहूर्त काढायचा जोशांनी, मुलीला विचारायचा प्रश्नच नव्हता. पण पुढे जे काही व्हायचे ते सगळे तिलाच सोसावे लागे. कोवळ्या वयातले मातृत्व, सासुरवास आणि नवरा दगावला तर जन्मभराचे वैधव्य. म्हणजे कृती एकाची आणि फळ दुसऱ्याला. रखमाबाईंचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न लावून दिले गेले. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला तेव्हा १८८४ मध्ये खटला उभा राहिला आणि १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना सांगितले की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. लहानपणी वडीलधाऱ्यांनी घेतलेल्या निर्णयाबद्दल मोठेपणी तिने तुरुंगात जावे!

आगरकरांच्या बुद्धीला हा अन्याय सहन होणे शक्यच नव्हते. मुलामुलींना सारखे आणि एकत्र शिक्षण द्यावे, त्यांना कळू लागल्यावर त्यांनी आपला जोडीदार आपण निवडावा, स्त्रियांना चरितार्थ चालवता येईल असे शिक्षण मिळावे, असे ते ‘सुधारका’तून आग्रहाने लिहीत राहिले. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या बाबतीत शरीरसंबंधाचे किमान वय दहावरून बारा वर्षे करणारा हा कायदा. टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. परक्या सरकारने आमच्या घरात ढवळाढवळ करू नये, हा त्यांचा मुद्दा होता आणि पुण्यात त्याला प्रचंड पाठिंबा मिळाला. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले.

यात एक मोठी मौज आहे. सरकारने लोकांच्या खासगी व्यवहारात पडू नये, माणसांना आपापल्या कृतीची फळे भोगू द्यावीत, हे मत स्पेन्सरइतक्या हट्टाने त्या शतकात क्वचितच दुसऱ्या कोणी मांडले असेल. त्या न्यायाने पाहता स्पेन्सरच्या अनुयायाने कायद्याला विरोध करायला हवा होता. आगरकरांनी नेमके उलटे केले आणि ते बरोबर होते असेच म्हटले पाहिजे. ज्याची चूक त्याने निस्तरावी, हे तत्त्व लागू होण्यासाठी आधी चूक त्याची असावी लागते. दहा वर्षांच्या मुलीने कसलीच चूक केलेली नव्हती. तेथे कोणीतरी मध्ये पडणे भागच होते. आईबाप पडत नसतील, किंबहुना आईबापच तो वस्तरा तिच्या हाती देत असतील, तर सरकारने पडावे. परकीय सरकार असले तरी. हे लिहिण्याची किंमत त्या काळच्या पुण्यात काय होती, याची कल्पना आज येणे कठीण आहे.

ती किंमत आगरकरांनी पुरेपूर मोजली. ते हयात असतानाच सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या घरावरून नेली. घरात पत्नी यशोदाबाई होत्या. त्यांचा देवाधर्मावर विश्वास होता, व्रतवैकल्ये त्या मनोभावे करीत. नवरा देव न मानणारा, साऱ्या गावाने वाळीत टाकल्यासारखा आणि बायको तुळशीला पाणी घालणारी, असा तो संसार. आगरकरांनी आपली मते घरात लादली नाहीत, याबद्दल त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. जो घरच्या माणसालाही पटवू शकत नाही तो जगाला काय सुधारणार, असे विरोधक म्हणत. उक्ती आणि कृती यांत अंतर पडले, असे काही सुधारक म्हणत. आपल्याला मात्र यात विसंगती दिसत नाही. पटल्यावाचून सोडलेला उपवास आणि पटल्यावाचून धरलेला उपवास यांत आगरकरांच्या लेखी फारसा फरक नसावा. यशोदाबाईंचा विचार यशोदाबाईंनीच करायचा होता. त्या प्रेतयात्रेच्या दिवशी दारामागे उभ्या राहून त्यांनी काय विचार केला असेल, ही कल्पनाही अस्वस्थ करणारी आहे. नवऱ्याच्या लेखणीची फळे त्या रोज भोगत होत्या, त्यांनी स्वतः एक अक्षर लिहिले नसताना. आगरकरांच्या तत्त्वनिष्ठेचा हा एक कोपरा उजेडात फारसा येत नाही. आईला लिहिलेल्या पत्रातही तो होताच.

१८९२ मध्ये वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. विद्यार्थ्यांना पुस्तकापलीकडचा विचार करायला लावावा, पण विचार त्यांच्यासाठी आपण करून ठेवू नये, अशी त्यांची शिकवण्याची रीत होती. शरीर मात्र थकत चालले होते. दमा वाढत गेला. कॉलेज, ‘सुधारक’, लेखन, व्याख्याने यांतले काहीच सुटेना. रात्र रात्र बसून काढायची आणि सकाळी पुन्हा कामाला लागायचे, असा क्रम झाला. त्या काळी दम्यावर आजच्यासारखी औषधे नव्हती. चिखलीच्या दुकानात मिनिटभरात मिळालेला तो पंप तेव्हा जगात कोठेच नव्हता.

१७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी होण्याआधी, आगरकर गेले. वैरी म्हणवल्या गेलेल्या टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. पुण्यातल्या ज्या लोकांनी त्यांची खोटी प्रेतयात्रा काढली होती, त्यांच्यापैकी काही जण खऱ्या अंत्ययात्रेच्या वेळी घराबाहेर उभे असतील. घरात शिल्लक अशी काहीच नव्हती. त्यांच्या उशाशी एक लहानशी पुरचुंडी तेवढी निघाली. आपल्या मागे अंत्यविधीच्या खर्चासाठी घरच्यांना कोणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून त्यापुरते पैसे त्यांनी स्वतःच तीत बांधून ठेवले होते.